दारातल्या शाळेसाठी लॉटरी: आरटीईच्या 25 टक्के जागा आणि महाराष्ट्र सरकारचा फसलेला नियम

2024 च्या एप्रिलअखेर आमच्या जेवणाच्या टेबलावर खासगी शाळेतल्या आरटीईच्या मोफत जागेसाठी एक अर्ज भरला गेला. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या धाकट्याला पहिलीत घालायचं होतं. थोरलीच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने नकाशावर घराचा फुगा भलत्याच गल्लीत टेकवला होता. लॉटरीत नंबर लागला, पण पडताळणी समितीने अंतर जुळत नाही म्हणून अर्ज बाद केला. या वेळी मावशी कागदांची पिशवी घेऊन सरळ माझ्याकडे आल्या. पिशवीत जन्मदाखला, जातीचा दाखला, आधार कार्ड आणि भाडेकरार. हा भाडेकरार नुसता स्टँपपेपरवर चालत नाही, नोंदणी केलेला लागतो. त्यासाठी त्यांनी घरमालकाच्या महिनाभर विनवण्या केल्या होत्या.

मी फुगा बरोबर त्यांच्या खोलीवर टेकवला, दोनदा तपासला आणि शाळांची यादी उघडली. एक अनुदानित मराठी शाळा. दोन कॉर्पोरेशनच्या. थोड्या अंतरावर आणखी एक अनुदानित. कोपऱ्यावरची इंग्रजी शाळा, जिची पिवळी बस रोज सकाळी मावशींची वाट अडवून उभी असते, ती यादीत नव्हतीच. यादी दोनदा वर-खाली करून पाहिली, काही सापडलं नाही.

मावशी पडद्याकडे बघत म्हणाल्या, "ताई, ही कॉर्पोरेशनची शाळा तर आमच्या बोळाच्या तोंडाशी आहे. तिथं नाव घालायला लॉटरी कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर 9 फेब्रुवारी 2024 च्या राजपत्रात होतं.

कायद्यातली एक ओळ

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. आपण सगळे त्याला आरटीई म्हणतो, आणि बहुतेक पालकांच्या लेखी आरटीई म्हणजे '25 टक्केवाली ॲडमिशन'. कायदा त्याहून बराच मोठा आहे, पण लोकांच्या ध्यानात राहिली ती कलम 12 मधली एक ओळ. खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान 25 टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. बदल्यात सरकार शाळेला पैसे देणार. सरकारचा स्वतःचा दरडोई खर्च किंवा शाळेची फी, यातली जी रक्कम कमी असेल ती.

याच कलमात सरकारी आणि अनुदानित शाळांचीही सोय वेगळी सांगितली आहे. सरकारी शाळेने दाखल झालेल्या प्रत्येक मुलाला मोफत शिकवायचं, अनुदानित शाळेने मिळणाऱ्या अनुदानाच्या प्रमाणात. पुढे जे झालं ते समजायला हे लक्षात ठेवावं लागेल.

खासगी संस्था या ओळीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 12 एप्रिल 2012 रोजी तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी ती वैध ठरवली, आणि 2014 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा तेवढ्या बाहेर राहिल्या. आपल्याकडे 'अल्पसंख्याक दर्जा' मिळवण्याची जी धांदल मधल्या काळात उडाली, तिचं एक मूळ इथे आहे; पण तो विषय वेगळा.

महाराष्ट्राने 2013 मध्ये या प्रवेशांसाठी स्वतंत्र नियम केले आणि पुढे सगळी प्रक्रिया ऑनलाइन नेली. अनुसूचित जाती-जमाती, भटके विमुक्त, इतर मागासवर्ग, दिव्यांग अशा वंचित गटांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना दुर्बल घटक म्हणून यायचं तर वार्षिक उत्पन्न 1 लाखाच्या आत हवं. म्हणजे महिन्याला 8,333 रुपये. पुण्या-मुंबईत या पैशात घर चालवणारं कुटुंब कुणी दाखवावं. पण तहसीलातून तसे दाखले निघतात, आणि ते कसे निघतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे. या योजनेबद्दल नाक मुरडणारे आधी याच दाखल्यांकडे बोट दाखवतात. बोट चुकीचं नाही. पण मर्यादाच इतकी खाली ठेवली तर खोटं बोलल्याशिवाय गरिबालाही आत येता येत नाही.

तरीही योजना चालत होती. 2023-24 साठी राज्यात 8,800 च्या वर शाळांमध्ये 1 लाखाहून थोड्या जास्त जागा होत्या आणि अर्ज आले साधारण 3 लाख 64 हजार. एका जागेमागे साडेतीन मुलं.

पैशाचं दुखणं

शासनाने प्रतिपूर्तीचा, म्हणजे या मुलांपोटी शाळेला द्यायच्या पैशाचा, दर मुलामागे वर्षाला 17,670 रुपये ठरवला होता. कोविडच्या वर्षात, 2020-21 मध्ये, तो 8,000 वर आणला आणि नंतर पुन्हा पूर्ववत केला. शहरातल्या मध्यम प्रतीच्या इंग्रजी शाळेची फी याच्या दुप्पट-तिप्पट असते, त्यामुळे संस्थाचालकांची कुरकुर पहिल्यापासून होती. पण खरी बोंब दरापेक्षा थकबाकीची होती. पैसे येतच नाहीत, आले तर तीन-चार वर्षांनी आणि तेही तुकड्यातुकड्याने. संस्थाचालकांच्या संघटना दर वर्षी प्रवेशाच्या तोंडावर बहिष्काराची भाषा करायच्या, शिक्षण विभाग मान्यता काढून घेण्याची नोटीस काढायचा, मग थोडी रक्कम सुटायची आणि गाडी पुढे सरकायची.

सरकारच्या बाजूने हिशेब मांडून पाहू. दर वर्षी 1 लाख मुलं नव्याने आत येतात. एका वर्षाच्या तुकडीचे 17,670 च्या दराने झाले सुमारे 177 कोटी. पहिली ते आठवीच्या आठही तुकड्या पूर्ण भरलेल्या धरल्या तर वर्षाला 1,400 कोटींच्या घरात. प्रत्यक्षात गळती असते, सगळ्या जागा भरत नाहीत, काही शाळांची फीच कमी असते, म्हणून आकडा याहून खाली राहतो. पण मंत्रालयात बसलेल्या माणसाला हा खर्च दर वर्षी फुगताना दिसतो. आणि शेजारच्या फायलीत त्याला आणखी एक आकडा दिसतो: 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा, राज्यभरात 14 हजारांहून जास्त.

याच्यातून जो प्रश्न निघतो तो काही मूर्खपणाचा नाही. आपल्या शाळेत बाकं रिकामी, पगार चालू, इमारत उभी. आणि त्याच शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडच्या खासगी शाळेला आपणच मुलामागे पैसे देतोय. हे काय चाललंय?

कर्नाटकाला हाच प्रश्न पडला होता. त्यांनी 2019 च्या सुरुवातीला नियम बदलला. परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेतल्या 25 टक्के जागा लागू नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. परिणाम एका हंगामात दिसला. लाखाच्या पुढे असणारे प्रवेश काही हजारांवर आले. पंजाबच्या 2011 च्या नियमांतही आधी सरकारी शाळेचं दार ठोठवा, तिथे जागा नसेल तरच खासगीकडे जा, अशी तजवीज होती.

आपल्या शिक्षण विभागाने बहुधा इथूनच धडा घेतला.

9 फेब्रुवारी

तेव्हा मुख्यमंत्री एकनाथ शिंदे होते, शालेय शिक्षण खातं दीपक केसरकरांकडे होतं. हे सरकार शाळांच्या बाबतीत झोपलेलं होतं असं म्हणता येणार नाही. उलट एकामागून एक योजना येत होत्या: शाळा दत्तक योजना, कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा, 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा'. समूह शाळांसाठी नंदुरबारातल्या तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचा दाखला दिला जात होता. मार्च 2024 मध्ये संचमान्यतेचे, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे, निकषही बदलले आणि कमी पटाच्या शाळांतल्या नियमित शिक्षकाच्या पदांवर गदा आली. सरकारी शाळा वाचवायच्या असं एका तोंडाने म्हणायचं, आणि वाडीवरच्या शाळेचा शिक्षक दुसऱ्या हाताने कमी करायचा. गावाकडचे शिक्षक या काळात चिडलेले होते ते उगाच नव्हे.

9 फेब्रुवारीच्या अधिसूचनेने 2013 च्या नियमांत एक परंतुक, म्हणजे 'पण' म्हणून जोडलेली अट, घातलं. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या 1 किलोमीटर परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, ती शाळा 25 टक्के प्रवेशांसाठी निवडायचीच नाही.

महाराष्ट्रात सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मिळून 65 हजारांच्या आसपास शाळा आहेत. जिथे वस्ती तिथे शाळा, हे आपण गेल्या पन्नास-साठ वर्षांत खरोखर करून दाखवलेलं काम. शहरात तर 1 किलोमीटरच्या वर्तुळात कॉर्पोरेशनची किंवा अनुदानित शाळा नाही अशी जागा हुडकावी लागेल. म्हणजे परंतुक अपवादाचं दिसत होतं, पण त्याने मूळ नियमच गिळला.

खासगी शाळा बाहेर गेल्यावर यादीत उरलं कोण? सरकारी आणि अनुदानित शाळा. त्यांनाच 25 टक्क्यांच्या प्रक्रियेत ओढलं गेलं. पोर्टलवर शाळांची संख्या 9 हजारांवरून 76 हजारांवर गेली, आणि जागा 1 लाखावरून 8 लाख 86 हजारांवर. कागदावर पाहिलं तर गोरगरिबांसाठी जागा जवळपास नऊपट झाल्या. पण जिथे कुणालाही, कधीही, विनाशुल्क नाव घालता येतं, तिथे 'राखीव मोफत जागा' कसली? विहिरीवर सगळ्यांना पाणी भरायला मोकळीक असताना त्यातल्या पावभर पाण्यासाठी चिठ्ठ्या टाकण्यातला प्रकार. मावशींच्या लक्षात आलं ते हेच.

16 एप्रिलला अर्ज सुरू झाले आणि मे उजाडून आठवडा-दीड आठवडा झाला तरी 70 हजारांचा आकडाही गाठला गेला नाही. 8 लाख 86 हजार जागा, 70 हजारांच्या आत अर्ज. आदल्या वर्षी 1 लाख जागा, 3 लाख 64 हजार अर्ज.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा हा आहे, कोर्टातल्या युक्तिवादाहूनही. लोकांना 'मोफत' हवं असतं, या समजुतीवर सरकारी योजना उभ्या राहतात. इथे मोफत तर दोन्हीकडे होतं. मावशींना हवी होती कोपऱ्यावरच्या फाटकातून आत जायची संधी.

त्या फाटकाआड शिकवणं किती चांगलं असतं, हा प्रश्न मी टाळत नाही. शहराच्या कडेला उगवलेल्या कित्येक 'इंटरनॅशनल' शाळांत बारावी झालेल्या मुली तुटपुंज्या पगारावर इंग्रजीतून परिसर अभ्यास पाठ करून घेतात, तर शेजारच्या झेडपीच्या शाळेत डीएड झालेला, पात्रता परीक्षा दिलेला शिक्षक असतो. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी पालकांनी रांगा लावल्या, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. मराठीतून शिकलेलं मूल मागे पडत नाही हे मी स्वतः त्यातून आलेली असल्याने शपथेवर सांगेन. पण माझी पुतणी इंग्रजी शाळेत जाते, शालेय शिक्षण खात्यातल्या बहुतेक अधिकाऱ्यांची मुलं-नातवंडं जात असतील, आणि मराठी शाळेचं महत्त्व नेमकं मावशींनीच ओळखावं अशी आपली अपेक्षा.

रिकामी बाकं कुठे आहेत

सरकारच्या हिशेबात एक मोठी खोट आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. 20 पटाच्या आतल्या शाळा आहेत त्या डोंगरातल्या वाड्यांवर, पाड्यांवर, धरणांच्या पाठीमागे, कोकणात माणसंच मुंबईला गेलेल्या गावांत. आणि 25 टक्क्यांच्या जागा आहेत त्या पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक अशा जिल्ह्यांत, मोठ्या शहरांच्या पोटात आणि काठावर. एकट्या पुणे जिल्ह्यात दर वर्षी 15 हजारांच्या पुढे. हडपसरच्या मुलाचा इंग्रजी शाळेतला प्रवेश अडवला म्हणून वेल्ह्याच्या वाडीतल्या शाळेचा पट वाढत नाही. शहरातल्या कॉर्पोरेशनच्या शाळांना थोडी मुलं मिळाली असती, हे खरं. पण त्या शाळांची पटसंख्या घटली ती आरटीईमुळे नव्हे. दर वर्षी 1 लाख मुलं ही पहिलीत येणाऱ्या मुलांच्या मानाने लहान संख्या आहे. बाकीचे पालक स्वतःच्या खिशातून फी भरून निघून गेले, आणि त्यांना कुठलीच अधिसूचना अडवत नाही.

म्हणजे निवडीचा अधिकार पैसेवाल्याला शाबूत राहिला. सरकारी शाळा टिकवण्याची जबाबदारी पडली ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या मुलावर.

अमेरिकेत या वादाची गंमत उलटी आहे. विस्कॉन्सिन राज्याने 1990 मध्ये मिल्वॉकी शहरातल्या गरीब मुलांसाठी खासगी शाळांची व्हाउचर, म्हणजे सरकारी पैशाने खासगी शाळेची फी भरायची सोय, सुरू केली, आणि तेव्हापासून तिथे कित्येक राज्यांची सरकारंच पालकांच्या निवडीचा झेंडा घेऊन पुढे असतात, सार्वजनिक शाळावाले अडवायला धावतात. आपल्याकडे निवड संसदेच्या कायद्याने दिली, आणि राज्याने ती मागच्या दाराने काढून घ्यायचा प्रयत्न केला.

मागचं दार म्हणतेय ते मुद्दाम. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर शिक्षण समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात. राज्याला केंद्राच्या कायद्यापेक्षा वेगळी वाट धरायची असेल तर सरळ रस्ता उपलब्ध आहे: विधिमंडळात विधेयक आणायचं, चर्चा करायची, मंजूर करून राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवायचं. मुलांना मोफत शिक्षणाचा मूलभूत हक्क देणाऱ्या घटनेच्या 21अ कलमाचा अडथळा तरीही आला असता. पण निदान आमदारांना सभागृहात उभं राहून सांगावं लागलं असतं की आम्ही ही ओळ खोडतोय, कारण आम्हाला पैसे द्यायचे नाहीत. निवडणुकीच्या वर्षात ते कोण सांगणार? नियमात परंतुक घालणं सोपं. अशा परंतुकावर कुणाला भाषण करावं लागत नाही.

कोर्टात

पालक आणि काही संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. 6 मे 2024 रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र कुमार उपाध्याय यांच्या खंडपीठाने अधिसूचनेला स्थगिती दिली. दुसऱ्या दिवशी राज्यात लोकसभेच्या तिसऱ्या टप्प्याचं मतदान होतं, त्यामुळे ती बातमी वर्तमानपत्रांत आतल्या पानांत गेली. पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर मात्र तासाभरात पोहोचली होती.

राज्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: परिसरात शाळा काढणं हे सरकारचं कर्तव्य, ते आम्ही पार पाडलंय. खासगी शाळेवरची जबाबदारी ही सरकारी शाळा नसेल तिथली पर्यायी सोय आहे. सरकारी शाळा असताना तिजोरीवर दुहेरी बोजा कशाला? कर्नाटक आणि केरळचे दाखलेही दिले गेले.

19 जुलैला अंतिम निकाल आला. मुख्य न्यायमूर्ती उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी दुरुस्ती रद्द केली. कलम 12 मध्ये खासगी शाळेच्या जबाबदारीला 'जवळ सरकारी शाळा नसेल तर' अशी अट कुठेही नाही, आणि कायद्यात नसलेली अट नियमातून घुसवता येत नाही, हे निकालाचं सार. मूळ कायदा आणि घटनेचं 21अ कलम या दोन्हींशी दुरुस्ती विसंगत ठरली.

एक व्यावहारिक गुंता उरला होता. फेब्रुवारी ते मे या काळात काही शाळांनी, आता 25 टक्के गेले म्हणून, त्या जागांवर फी भरणारी मुलं घेऊन टाकली होती. न्यायालयाने ते प्रवेश हलवले नाहीत, पण 25 टक्क्यांचं बंधनही सोडलं नाही. जागा वाढवा आणि या मुलांना घ्या. शाळांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 9 ऑगस्टला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने याचिका फेटाळली. सुनावणीत त्यांनी जे बोलून दाखवलं त्याचा रोख असा होता की सुखवस्तू घरातल्या मुलांना या मुलांबरोबर बसल्यानेच देश म्हणजे काय ते कळेल. अर्जात दहा शाळा निवडताना हा मुद्दा कुठल्याही पालकाच्या डोक्यात नसतो, पण कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात तो पहिल्यापासून होता. 2012 चा निकाल वाचताना तेच जाणवतं.

नंतर फेब्रुवारी 2025 मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानेही पंजाबचा तो 2011 चा नियम बाजूला सारला.

निकाल लागला, पण जून कुणाचा गेला

सरकार हरलं, पालक जिंकले, असं हे प्रकरण संपवता येत नाही. स्थगितीनंतर 17 मेपासून नव्याने अर्ज मागवले. आधी भरलेले सगळे अर्ज रद्द, पुन्हा फुगा, पुन्हा दाखले अपलोड. या खेपेला 9,200 च्या आसपास शाळा, 1 लाख 5 हजार जागा, आणि अर्ज 2 लाख 42 हजारांच्या वर. म्हणजे खासगी शाळा यादीत परत आल्याबरोबर लोकही परत आले. 7 जूनला सोडत काढली, पण प्रकरण न्यायप्रविष्ट म्हणून यादी कुलपात ठेवली. ती बाहेर आली निकालानंतर, 20 जुलैच्या सुमारास. सुमारे 93 हजार मुलांची निवड झाली होती.

विदर्भ सोडून बाकी राज्यात शाळा 15 जूनला भरते. म्हणजे पहिलीच्या वर्गाचे पहिले पाच-सहा आठवडे ही मुलं बाहेर होती, नाहीतर दुसरीकडे कुठेतरी तात्पुरती बसली होती. बाकीची मुलं मुळाक्षरं गिरवून झाल्यावर, बाईंच्या लाडक्या ठरल्यावर, डब्याच्या जोड्या जमल्यावर ही आत आली. वर्गात नवं मूल 'आरटीईवालं' म्हणून ओळखलं जाऊ नये यासाठी ज्या कायद्याने एवढा आटापिटा केला, त्याच्या लाभार्थ्यांना त्या वर्षी जुलैअखेर, ऑगस्टात एकेक करून दारातून आणून दाखवलं गेलं. याची भरपाई कुठल्या निकालात नाही.

आणि योजनेतली जुनी भोकं जशीच्या तशी राहिली. फी माफ, पण पुस्तकं, गणवेश, स्नेहसंमेलनाचे कपडे, बस हे सगळं बहुतेक ठिकाणी पालकांच्याच माथी. आठवीनंतर एकदम पूर्ण फी. पहिलीत हसत आत गेलेलं मूल नववीत कुठे जातं, हे तपासायची यंत्रणा नाही. प्रतिपूर्ती थकलेलीच. सरकारने आपली शक्ती यातल्या एकाही भोकावर खर्च न करता ज्या नियमावर खर्च केली, तो पाच महिने दहा दिवस टिकला.

2025-26 ची प्रक्रिया मात्र वेळेत झाली, 10 फेब्रुवारी 2025 लाच सोडत. 1 लाख 9 हजारांच्या वर जागा आणि 3 लाख 5 हजारांच्या आसपास अर्ज. म्हणजे यंत्रणेला हे जमतं. मधलं वर्ष हातचं घालवलं.

मावशींच्या मुलाचं नाव पहिल्या यादीत नव्हतं, प्रतीक्षा यादीत होतं. जूनमध्ये त्यांनी त्याला बोळाच्या तोंडाशी असलेल्या कॉर्पोरेशनच्या शाळेत बसवलं. लॉटरी वगैरे काही नाही, आधार कार्ड घेतलं आणि बाईंनी नाव लिहून घेतलं. पोरगं रमलं. ऑगस्टमध्ये मोबाइलवर मेसेज आला, कोपऱ्यावरच्या शाळेत नंबर लागलाय, आठ दिवसांत कागद घेऊन या.

त्या दिवशी मावशींनी पोळ्या करपवल्या. बाई चांगल्या आहेत, पोराला घरी येऊन गोष्टी सांगता येतात, हे त्या स्वतःच दोनदा म्हणाल्या. मी काहीच बोलले नाही. माझ्या बोलण्याला त्यात जागाही नव्हती. दाखला काढायला त्या गेल्या तेव्हा बाईंनी हजेरीपट बघितला, म्हणाल्या, 22 चे 21 झाले. मग दाखला हातात देऊन वर एक ओळ सांगितली, ती मावशींनी मला आल्यावर सांगितली: "तिकडं कुणी विचारलं तर सांगा, जोडाक्षरं सोडून सगळं वाचतो तो."

नव्या शाळेची बस महिन्याला हजार रुपये होती. शाळा कोपऱ्यावरच, म्हणून बस घेतली नाही. मुलगा चालत जातो, आणि फाटकाशी ती पिवळी बस वळेपर्यंत त्याला रोज थोडा वेळ थांबावं लागतं.